पाळणाघरातला लाल दिवा

अपडेट चालू असताना कॅमेऱ्याची वायर काढायची नाही, हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलंय की आता झोपेतही तेच बरळत असेन. सासूबाईंनाही सांगितलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या होत्या. त्यांचं "बरं" म्हणजे ऐकू आलं, एवढंच.

सासूबाई पाळणाघर चालवतात. तिथला कॅमेरा मीच बसवलाय. पोरांच्या आया ऑफिसातून मोबाइलवर आपापली पोरं बघतात. दुपारी पोरं झोपली असतील म्हणून मी दुकानातूनच नवं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, चढवायला घेतलं. अर्ध्यावरच सगळं गप्प झालं.

धावत गेलो. कॅमेऱ्यावर नुसता लाल दिवा.

"आई, वायर काढली होतीत?"

"मग काय करू, जावईबापू? तो दिवा सारखा लुकलुकत होता. नवीन आलेलं बाळ टक लावून बसलं, झोपेना. म्हणून काढली आणि मग परत लावली की."

दुसरं कोणी असतं तर चांगलं फैलावर घेतलं असतं. सासूला काय बोलणार? राग गिळला आणि स्टुलावर चढलो.

तेवढ्यात नवीन बाळाची आई धापा टाकत दारात उभी. आठवड्यापूर्वीच ती पुन्हा कामावर रुजू झाली होती, आणि पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं: कॅमेरा बंद दिसला तर बाळाला घेऊन जाईन आणि नोकरीही सोडेन. काही न विचारता ती बाळाच्या वस्तू पिशवीत भरायला लागली. बाळाने तिला बघताच भोकाड पसरलं.

"ताई, जरा थांबा. आत्ता सुरू करून देतो," मी म्हटलं. आवाज डॉक्टरसारखा शांत ठेवला.

लॅपटॉप वायरने कॅमेऱ्याला जोडला. पिनेने रीसेटचं बारीक बटण दाबून धरलं आणि वीज दिली. लॅपटॉपवर कॅमेरा दिसला. जुनं फर्मवेअर पुन्हा चढायला लागलं आणि दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

"आई, आता काही झालं तरी वायरला हात लावायचा नाही."

"बरं."

मी प्लगला पाठ लावून उभा राहिलो.

बाळ दिव्याकडे बघून जास्तच बिथरलं. त्याच्या आईने त्याला कडेवर घेतलं, खोलीभर फिरवलं, गाणं म्हटलं. ते पाठ ताणून रडतच होतं. शेवटी तिने हात टेकले. "तुम्ही घ्या," ती सासूबाईंना म्हणाली.

सासूबाईंनी बाळाचं तोंड आपल्या खांद्यात वळवलं आणि पाठीवर हळूहळू थोपटत राहिल्या. बाळाची मूठ सैल पडली.

कॅमेरा सुरू झाला. बाळाच्या आईच्या मोबाइलवर खोली दिसू लागली: मधोमध ती स्वतः, रिकाम्या हातांनी, आणि शेजारी दुसऱ्याच बाईच्या खांद्यावर झोपलेलं तिचं बाळ. तिचे डोळे भरून आले.

"माझ्याकडे एवढं रडलं आणि यांच्याकडे लगेच झोपलं. राग येतोय मला," ती म्हणाली आणि तिला हसूच फुटलं. "पण किती हायसं वाटतंय."

पिशवीतल्या वस्तू तिने पुन्हा फळीवर लावल्या. दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"उद्यापासून अर्धा तास लवकर आणलं तर चालेल? ऑफिसात लवकर याल का म्हणून रोज विचारतायत, मीच टाळत होते."

सासूबाईंनी मान डोलावली आणि ओठांवर बोट ठेवलं.