पाण्याची रेघ

दाजींनी लोखंडी पिंजऱ्याचं दार ओढून घेतलं, कडी अडकवली आणि वरच्या माणसाला कळावं म्हणून घंटेची दोरी खेचली. पिंजरा हलला, क्षणभर लटकला आणि खाली जाऊ लागला. आत चौघं जण खांद्याला खांदा लावून उभे होते. पायांखालच्या जाळीतून गार, ओलसर वारा वर येत होता. दाजींचा हात दाराच्या गजावर होता, आणि त्या हाताकडे बघताना त्यांच्या मेव्हण्याला ते पत्र आठवलं.

पत्र दाजींचंच होतं. येऊन वर्ष उलटलं होतं. 'कारखान्याने आमचा माल उचलणं थांबवलं. पुन्हा कधी उचलणार का? तू आत बसतोस, तुला ठाऊक असेल. हो किंवा नाही, एवढंच कळव. नाही असेल तर खाणीतलं पाणी उपसायचा पंप थांबवतो आणि तुझ्या ताईला घेऊन लेकीकडे राहायला जातो.'

मेव्हणा उत्तराला बसला नाही असं नव्हतं. अनेकदा बसला. पण दर वेळी कुठून तरी 'बहुधा' हा शब्द येई आणि कागद चुरगळला जाई. बहुधाने पंप चालूही राहत नाही आणि बंदही होत नाही. कारखान्यात सगळे त्याला 'दशांश' म्हणत. चहात साखर किती विचारलं तरी हा माणूस दशांशचिन्ह लावून सांगेल, असं. निवृत्त होऊनही त्याला सल्लागार म्हणून ठेवलं होतं ते त्याच्या हिशेबांसाठी. आणि या खाणीचा हिशेब त्यानेच मांडला होता. दगडात तांबं कमी, खोली फार. सात समुद्र ओलांडून आलेली तांब्याची माती घरच्या मातीपेक्षा स्वस्त पडत होती, आणि दर वर्षी आणखी स्वस्त पडत होती. हे लिहायला एक ओळ पुरली असती. पण उद्या जहाजाचा भाव चढला तर? आपलंच गणित चुकलं असेल तर? एकदा बुडालेली खाण उपसून काढायला नव्या खाणीइतका खर्च येतो. दाजींनी आपल्या शब्दावर पंप थांबवला आणि आपणच खोटे ठरलो तर?

पंप सुरू राहिला. पत्र टेबलाच्या खणात राहिलं.

"बराच वेळ लागतोय," चौथा माणूस म्हणाला. तो दलाल होता, परदेशातल्या खाणींचा माल आणून देणारा. अंगाने भरलेला, हसऱ्या तोंडाचा, आणि हसताना डोळे न हलवणारा.

"खोल आहे म्हणून तर," खरेदी विभागाच्या मॅडम म्हणाल्या. वयाने तरुण होत्या, पण आवाज असा की समोरचा आपोआप खुर्चीत सरळ बसे.

नव्या लांबलचक कराराची बोलणी भावावर अडली होती. मागच्या बैठकीत दलालाने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "तुमची खाण बुडाली म्हणे?" आणि मॅडम तितक्याच सहज म्हणाल्या होत्या, "या की बघायला."

आज सकाळी दलालाची गाडी मागे ठेवून त्या दशांशाला म्हणाल्या होत्या, "काका, दारात विहीर असली की टँकरवाला गोड बोलतो. विहीर आटल्याचं कळलं की संपलं. शेजारच्या कारखान्याची खाण बुडाली, आणि पुढच्याच करारात याने त्यांचा गळा धरला. बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं. पण दाजींना काय सांगायचं?"

"काहीच नाही. त्यांना खरं वाटलं, तरच याला खरं वाटेल."

आणि दाजींना खरं वाटलं होतं. 'साहेब लोक खाण बघायला येत आहेत' एवढ्या निरोपावर त्यांनी दाढी केली होती, पिंजऱ्याला रंग दिला होता, माल वाहायचे डबे घासून रुळांवर ओळीने उभे केले होते आणि घरी बसलेल्या दोन जुन्या कामगारांना बोलावून घेतलं होतं. दलालाशी हात मिळवताना त्यांनी आधी आपला हात सदऱ्याला पुसला होता. खाण पुन्हा उघडायला आलेला माणूस तो हाच, अशी त्यांची खात्री होती.

वर, खाणीच्या तोंडाशी असलेल्या त्या दोन खोल्यांच्या घरात, ताईने भावाला दारात अडवलं होतं.

"खरंच चालू होतेय का रे?"

त्याने चहाचा कप तोंडाला लावला होता.

"तोंड मिटून बसण्यात तू लहानपणापासून पहिला नंबर. हे म्हणतात, त्याने नाही असं लिहिलं नाही, म्हणजे होच समजायचं. पलंगाखाली पेटी भरून ठेवलीय मी. थंडी आली की पातळ कपडे काढून लोकरीचे भरते, उन्हाळा आला की लोकरीचे काढते. तुझ्या न बोलण्यावर आमचं घर चाललंय इथे." मग पदराने कपाची कड पुसत ती हळू आवाजात म्हणाली होती, "लेक म्हणते, आई, बाबांना आता मी हाक मारलेली ऐकू येत नाही. अजून किती दिवस त्या पंपापाशी?"

पिंजरा धक्का देऊन थांबला.

तळाशी पंपाचा आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. दाजी पुढे निघाले. त्या आवाजात उभं आयुष्य काढल्याने ते मोठ्याने बोलत, आणि समोरच्याचं बोलणं त्याच्या ओठांकडे बघून समजून घेत.

"डोकं सांभाळा! छत इथे खाली येतं! माणसाची अक्कल काढून घेतं!"

दलाल हसला, पण वाकला. चालता चालता त्याने एका डब्याला बुटाने ढकललं. डबा सुरळीत पुढे सरकला. त्याने रुळावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. दशांशाच्या लक्षात आलं की मॅडम श्वासही जपून घेत आहेत. एक पंप चालू होता. दुसरा ताडपत्रीखाली होता, आणि तो का झाकलाय हे दलालाने अजून विचारलं नव्हतं.

"हा?" दलालाने हात दाखवलाच.

"आजारी आहे!" दाजी ओरडले. "सुटा भाग मागितलाय! तोवर हा एकटा ओढतो. म्हातारा आहे, पण घरंदाज आहे! माझ्यासारखा!"

मॅडमनी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. दलालाने ताडपत्री उचलून बघितली, पुन्हा सोडली, आणि पाणी साठायच्या खड्ड्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. समोरच्या काळ्या भिंतीवर, पाण्याला लागून, हाताच्या पंजाएवढा रुंद पांढरा पट्टा होता.

"हे काय?"

"पाण्याची रेघ," दाजींनी कोनाड्यातला चुन्याचा डबा दाखवला. "पाळी संपली की पाणी जिथे असेल तिथे चुन्याचं बोट ओढायचं. पाणी चढलं की कालची रेघ बुडते. मग उपसून ती उघडी करायची, नवी रेघ वर ओढायची नाही. आमच्या आधीच्यांपासूनचा नियम आहे."

पट्टा म्हणजे एकावर एक ओढलेल्या रेघा होत्या. कडेला वेगवेगळ्या दिसत, मध्ये मिसळून गेल्या होत्या. कुठेच तुटलेल्या नव्हत्या; पाणी त्या पट्ट्यावर कधी चढू दिलंच नव्हतं.

"तपासायला कोण येतं?"

दाजींनी त्याच्या ओठांकडे बघितलं. "कोण येणार?"

"मग ओढता कशाला?"

"उद्याच्या पाळीवाल्याला कळायला नको?"

"उद्याची पाळी कुणाची?"

"माझीच!"

दलाल मोठ्याने हसला. मग पट्ट्याकडे बघता बघता त्याचं हसू मावळलं. तो दशांशाच्या जवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून कानाशी बोलला.

"मॅडम बोलतात ते धंद्याचं. ते सोडा. तुम्ही हिशेबाचा माणूस, तुमच्याबद्दल ऐकून आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय. ही खाण पुन्हा चालू होणार? हो की नाही?"

मॅडमचा टॉर्च स्थिर झाला.

तोच प्रश्न. फक्त विचारणारा दुसरा. दशांशाने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. काच स्वच्छच होती. पंपापलीकडे दाजी उभे होते. दलालाचं कुजबुजणं त्यांच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं, पण ते आता आपल्या मेव्हण्याच्या तोंडाकडे बघत होते. एक हात पंपाच्या चाकावर, मान किंचित पुढे. मुलाचा निकाल वाचणाऱ्या मास्तरांकडे बाप बघतो तसे.

'बहुधा' जिभेवर आला. तो शब्द दलालाला पुरला नसता. कारखान्याला पुरला नसता. भट्टीवर राबणाऱ्या सगळ्यांची घरं त्या भावावर चालत होती, हेही खरंच होतं.

"हो," तो म्हणाला.

आवाज न काढता म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं की ज्याच्यापासून लपवायचं होतं त्याला आवाजाची गरजच नव्हती. शिवाय मानही हलली होती.

दाजी वळले. पंपावरच्या दाबाच्या घड्याळाची काच त्यांनी बाहीने पुसली. मग पुन्हा पुसली.

वर आल्यावर दलाल फोन करायला बाजूला गेला. दाजी सरळ घरात शिरले, आणि त्यांचा आवाज अंगणापर्यंत आला.

"त्याने सांगितलं! आपल्या तोंडाने! मी बघितलं!"

मग पलंगाखालून पेटी ओढल्याचा खरखर आवाज आला. गाड्या निघाल्या तेव्हा अंगणातल्या दोरीवर पेटीतले, घडीच्या खुणा उमटलेले लोकरीचे कपडे उन्हाला घातलेले होते. ताई दारात आली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात करारावर सही झाली. मॅडमना हवा होता त्याच भावाला. त्या स्वतः त्याच्या टेबलापाशी आल्या.

"काका, आकड्यांनी जे जमलं नाही ते तुमच्या एका शब्दाने केलं. तुमच्या मुदतवाढीचंही वर बोलले आहे."

"त्या दुसऱ्या पंपाचा सुटा भाग..."

"बघू. एक चालतोय ना? एकाने भागतंय तोवर भागवू. पंप मात्र बंद पडता कामा नये. हा करार संपेल तेव्हा पुन्हा कुणीतरी बघायला येईलच."

"आणि खोदाई?"

मॅडम हसल्या. त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"तुम्हीच विचारताय? तुमच्याच गणितावर तर आम्ही घरचं तांबं बंद केलं. ते गणित चुकलंय का?"

त्याने वर्षभर त्या गणितात चूक शोधली होती.

"नाही," तो म्हणाला.

त्या गेल्यावर त्याने कागद ओढला. या वेळी कच्चं लिहिलं नाही. पहिल्या ओळीत एकच शब्द लिहिला: नाही. मग खाली:

'तिथे हो म्हणालो ते त्या माणसाला ऐकवायला. खाण उघडणार नाही. कारखान्याला तुमचा पंप हवा आहे तो तांब्यासाठी नव्हे, जहाजाने येणाऱ्या मालाचा भाव खाली ठेवण्यासाठी. तो थांबला तर भाव चढेल. म्हणजे त्या पंपाला मोल आहे, आणि तुमच्या रेघेलाही, आणि ते तुम्हाला आजवर कुणी दिलेलं नाही. चालवायचा तर मागून घ्या. थांबवायचा तर थांबवा. ठरवण्याआधी ताईला विचारा. तिला आपण दोघांनीही विचारलेलं नाही.'

खाणीकडे जाणारं टपाल रोज कारखान्याच्या थैलीतून, मॅडमच्या टेबलावरून जात असे. त्याने पाकिटात कागद घातला, जीभ फिरवून पाकीट बंद केलं, तिकीट लावलं आणि कोट घालून बाहेर पडला. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "आज लवकर, काका?" त्याने नुसती मान हलवली.

पोस्टाची पेटी रस्त्याच्या वळणावर होती. समोरून बंदराकडचे ट्रक येत होते, ताडपत्री बांधलेले, जड, एकामागून एक. एक ट्रक गेला, दुसरा गेला. त्याने पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलं आणि धरून ठेवलं. तिकीट नीट चिकटलंय ना, हे अंगठ्याने चाचपून पाहिलं. पत्ता पुन्हा वाचला. सगळं बरोबर होतं.

बोटं सुटली.

पाकीट पडल्याचा आवाज आला नाही. खाली आधीच बरीच पत्रं असावीत. त्याने पेटीच्या तोंडातून बोटं आत घालून पाहिली, पण ती कशालाच लागली नाहीत.