डिसेंबरचा आकडा

मंगळवारी दुपारी मिर्ता हिशेबाचे कागद पसरून बसली, तेव्हा न्या फ्लोरिंदाच्या घरात बडीशेपेचा आणि करपलेल्या चीजचा वास होता. तो बाराही महिने असतो. पंचक्रोशीत चिपा, म्हणजे चीज घातलेला पाव, खावी ती तिच्याकडचीच. म्हणून तर सारं गाव तिला मानाने 'न्या' म्हणतं. पण चिपा भाजून भाजून मातीची भट्टी मधोमध तडकली होती. विटांची नवी बांधायला पतपेढीचं कर्ज हवं, आणि पतपेढीला शुक्रवारपर्यंत वर्षाचं नफा-तोटा पत्रक हवं, हिशेबनिसाच्या सहीचं. मिर्ता गावातली एकुलती हिशेबनीस.

"जूनमध्ये पीठ किती लागलं?"

न्या फ्लोरिंदाने मान न वळवताच हाक मारली, "सुनिल्दा! जूनचं पीठ?"

"अकरा पोती, मावशी. चीज ऐंशी किलो. लाकूड ओलं निघालं, म्हणून दोन गाड्या जास्त," आतून मळता मळताच उत्तर आलं.

सुनिल्दाला लिहिता येत नाही. सगळं तोंडपाठ. आठव्या वर्षी आईने तिला खेड्यातून आणून इथे सोडलं, शाळेत घालतील या बोलीवर. शाळा रस्त्यापलीकडेच आहे. एकवीस वर्षांत तिने तो रस्ता ओलांडला, तो मास्तरांना चिपा पोचवायला. आमच्याकडे अशा मुलीला 'वाढवायला घेतलेली' म्हणतात. कोण कोणाला वाढवतं, हे कुणी विचारत नाही.

अकरा महिने भरून झाले. मिर्ताचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं. कामगारांचा पगार.

"इथे काय लिहू?"

"शून्य. नोकर कुठेत माझ्याकडे?"

"मळतं कोण? भाजतं कोण?"

"सुनिल्दा? अगं, ती घरची! मला मुलीसारखी."

"तुमची मुलगी ब्युनोस आयर्सला नर्स झाली ना?"

"तू हिशेब करायला आलीस की पापं वदवून घ्यायला? त्याला पाद्री आहेत."

मिर्ता दमली होती. या महिन्यातलं हे चौथं पत्रक. आधीच्या तिन्हींत या ओळीवर तिने मुकाट्याने शून्य लिहिलं होतं. तिच्या माहेरीही एक अशी मुलगी होती; मिर्ताच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री करायची. तिचं आडनाव आठवायचा मिर्ता सकाळपासून प्रयत्न करत होती.

"सुनिल्दा, तुला महिन्याला काय मिळतं गं?"

सुनिल्दा हात पुसत दारात आली. "जेवण. जुने कपडे. पोट दुखलं तर गोळी." पिठाचा हिशेब सांगावा तशीच बोलली.

"तिच्या डोक्यात भलतं भरवू नकोस," न्या फ्लोरिंदा म्हणाली. "सुनिल्दा, डिसेंबर सांग."

डिसेंबरात काकुपेच्या माऊलीची यात्रा. वर्षाची निम्मी विक्री त्या आठवड्यात. त्या आकड्यावाचून पत्रक लंगडं.

सुनिल्दाने टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी माझं लिहा."

"काय?"

"पीठ लिहिलंत, लाकूड लिहिलंत, उंदरांचं औषधसुद्धा लिहिलंत. माझं लिहा. मग डिसेंबर सांगते."

"पगार दाखवला तर नफा उरेल का? कर्ज मिळणार नाही! भट्टी कोसळली तर खाशील काय?"

"भट्टी मीच लिंपते, मावशी. किती दिवस टिकेल ते ठाऊक आहे मला."

आणि तिने खुर्ची ओढली. त्या टेबलाशी ती पहिल्यांदाच बसत होती. आत कणीक सुकायला लागली.

मिर्ताने पेनाला टोपण लावलं. "शून्यावर मी सही करणार नाही, न्या फ्लोरिंदा. पुन्हा नाही."

न्या फ्लोरिंदाने आतल्या कणकेकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मळणं त्या हातांनी कधीच सोडलं होतं. तिने हळूच विचारलं, "किती असतो गं, पगार?"

मिर्ताने सरकारी दर सांगितला. न्या फ्लोरिंदाने डोळे मिटून घेतले. "लिही," म्हणाली.

मिर्ता लिहीत असताना सुनिल्दा पिठाळ बोटांवर मोजत होती. महिने नव्हे, वर्षं. दोन्ही हातांची बोटं दोनदा संपली, तरी एक उरलंच.

मग तिने डिसेंबर सांगितला.