व्याह्यांना आवडलेला रेकॉर्डर

आमच्या सेरिकबोलदादाला एखादी गोष्ट येत नाही, असं आमच्या अख्ख्या ताराझ शहरात कुणी म्हणून दाखवावं! लगेच फुरंगटून बसेल.

माझ्या लग्नात मला निरोप देताना आईने गायलेलं गाणं एका जुन्या डिजिटल टेपवर होतं. आई गेली, आणि तिचा आवाज म्हणून तेवढंच उरलं. तिच्या वर्षाच्या जेवणाला ते सगळ्यांना ऐकवायचं ठरलं, म्हणून मी रेकॉर्डर टेपसकट दादाकडे नेला. त्याने हौसेने घरी आवाज कॉम्प्युटरवर उतरवायचा इंटरफेस घेतलाय.

"दादा, डिजिटल केबलने घेतोयस ना? मग इंटरफेसला रेकॉर्डरच्या आतल्या घड्याळावर चालव. नाहीतर दोघं आपापल्या चालीने चालतील आणि मधेमधे टकटक येईल. पुस्तिकेत लिहिलंय."

"राबिगा, तू चहा टाक. मला शिकवू नकोस."

तेवढ्यात झाक्सिलिक आले, दादाच्या लेकीचे सासरे. व्याही दारात म्हटल्यावर दादाने बटण दाबलं आणि आवाज न ऐकताच मेंढी कापायला पळाला. जेवणं झाल्यावर व्याह्यांनी रेकॉर्डर हातात घेतला. "काय देखणं यंत्र आहे हो!"

झालं! आमच्यात पाहुण्याने वाखाणलं की वस्तू त्याची, त्यातून हे तर व्याही. मी दादाला बाजूला ओढलं. "अरे, टेप तरी काढ!"

"कॉम्प्युटरवर आलंय सगळं. त्यांच्यासमोर टेप काढत बसू? किती भिकारडं दिसेल ते!"

ते गेल्यावर आम्ही गाणं लावलं. ओळीओळीला टक, टक. आईने माझं नाव घेतलं तिथे तर "राबि" आणि टक. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"जुन्या टेपा अशाच असतात," दादा म्हणाला.

"टेप चांगली आहे! रेकॉर्डर मागून आण."

"दिलेलं परत मागू? माझी पोरगी नांदतेय तिथे!"

मग काही दिवसांनी मीच गेले. टोपलीभर बौरसाक, म्हणजे कणकेचे फुगीर गोळे, तळून नेले, व्याह्यांकडे चहा प्याले, नातवाचं कौतुक केलं आणि कपाटावरच्या रेकॉर्डरकडे बघून म्हणाले, "व्याहीबुवा, काय देखणं यंत्र आहे हो!"

त्यांचा चेहरा पडला. पण रीत ती रीत, निमूट उचलून दिला. बसमध्ये मी तो पोटाशी धरून एकटीच हसत होते.

दादाकडे आल्यावर त्याला खुर्चीतून उठवलं. घड्याळ मी लावलं, टेपही मीच सुरू केली. आवाज स्वच्छ आला, एक टक नाही. व्याही गात होते. नातवाच्या पहिल्या पावलांच्या मेजवानीत, तर्र होऊन, बेसूर. मी टेप पुढे नेली, मागे नेली, पार सुरुवातीला नेली. आईच्या गाण्यावर सगळीकडे तेच भरलेलं. आई कुठेच नव्हती.

मी तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबून रडत होते. दादा खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "ते घड्याळ कसं लावलंस गं? दाखव ना."