बेतशीर

'बेतशीर' बाजारात आलं त्या सकाळी माझ्या बायकोचे दोन्ही हात खांद्यापासून नाहीसे झाले. रक्त नव्हतं, दुखतही नव्हतं. दार खांद्यानं ढकलून ती माझ्या खोलीत आली.

"चहा तुम्हीच गाळून घ्या," रेवती म्हणाली.

'बेतशीर' हे शिंप्यांसाठीचं सॉफ्टवेअर. नोकरी सोडून मिरजेच्या घरात, मागच्या खोलीत बसून मी ते एकट्यानं तयार केलं. रिकामा पडदा बघून शिंपी बिचकतात, म्हणून नमुन्यादाखल एक गिऱ्हाईक आधीच भरून ठेवलं होतं: रेवती. मापंही तिचीच, टेप लावून घेतलेली. तेव्हा ती हसून म्हणाली होती, "कापड बेतताय की मला?"

पहिला फोन कवठ्याच्या निवृत्ती माळवद्यांचा आला. "झ्याक चाललंय, साहेब. ती नमुन्यातली बाही पुसून बघितली. लगेच गेली बघा."

मी घाबरलो. प्रत्येक शिंप्याला फोन करून सांगितलं, नमुन्यातलं काहीही पुसू नका. माणसं भली. पुसत नाही म्हणाली, त्याच्यावरच आमच्या गिऱ्हाइकांची मापं लिहितो.

दुपारपर्यंत रेवतीचे हात परत आले, पण ते शाळकरी मुलीचे होते. कुठंतरी गणवेश शिवायला घेतला असावा. मग ती उंच झाली, आणि स्वयंपाकघरात जाताना वाकायला लागली. मग कंबर सुटली. चेहरा तेवढा तिचा राहिला, कारण चेहऱ्याचं माप कुणी घेत नाही.

"सगळ्यांकडून परत मागवा ना," ती म्हणाली. छोटे हात तिनं पदराखाली लपवले होते.

"नाही मागवता येत."

जाहिरातीत मीच मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं: एकदा घ्या, माल तुमचा, पुन्हा आमचं तोंड बघायला नको. आता जिवावर बेतलं होतं आणि माझ्या हातात टेपसुद्धा नव्हती. बाहेर मात्र नुसतं कौतुक. शिंपी संघटनेचे अध्यक्ष सत्काराची तारीख विचारत होते. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

नाव अजून शाबूत होतं. शिंपी आधी टेप धरतो आणि नाव मग विचारतो, म्हणून नावाचा रकाना मी सगळ्यात खाली ठेवला होता. तिथवर कुणी पोचलं नव्हतं. दिवसभर मी तिला उगाचच हाका मारत राहिलो. ती "ओ" म्हणायची आणि मला हायसं वाटायचं.

संध्याकाळी माळवद्यांचा पुन्हा फोन आला.

"साहेब, समदी मापं बसली. खाली कोण रेवती हाय, तिला काढतो. आमच्या कुसुमताई दुकानात उभ्या हाईत, त्यांचं घालतो."

"माळवदे, थांबा! हात लावू नका."

"पुसत न्हाई वो. वरच लिवतोय." ते एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत होते. "कु... सु... म. झालं बघा."

मी फोन तसाच धरून ओरडलो, "रेवती!"

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. ती वाजतच राहिली. मी पुन्हा हाक मारली, तिसऱ्यांदाही मारली.

मग फोनवर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, "कुसुमताई?"

"ओ," आतून आवाज आला. "कोण आहे?"