माझ्यावर उमटलेलं वर्तुळ

मी काचेची बशी बोलतेय. चहाची नव्हे हं! माझ्यात चहा ओतलात तर तुमच्या पोटाचं काही खरं नाही. हुडकेश्वरच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत माझ्यात जंतू वाढवतात. शिकलेले लोक मला पेट्री डिश म्हणतात. खोक्यातून आले तेव्हाच्या कित्येक बहिणी फुटल्या, मी मात्र चिवट निघाले.

आधी माझ्यात जेलीसारखा थर ओततात. त्यावर जंतू पसरतात आणि औषधाची कागदी चकती ठेवतात. रात्रभर उबेत ठेवलं की जंतूंची साय धरते. औषध लागू पडलं, तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ राहतं. नाही पडलं, तर हे मेले चकतीला खेटून बसतात!

इथं संशोधन करणाऱ्या मेघाचे जंतू तसलेच. अँटिबायोटिकला भीक घालत नव्हते. जोडीला अडुळशाचा अर्क दिला तर, असं तिच्या मनात आलं. पोरं तिला 'काढेवाली' म्हणून चिडवायची. तिच्या मार्गदर्शक स्वानंद सरांनीही बजावलं होतं, "या महिन्यात काही दिसलं नाही, तर विषय बदलायचा." पोरगी जेवणखाण विसरली.

तिनं पानं स्पिरिटमध्ये भिजवली, अर्क गाळला, अँटिबायोटिकच्या चकत्या त्यात बुडवून माझ्यात ठेवल्या. सकाळी बघते तर केवढं मोठं वर्तुळ! तिची मैत्रीण दामिनी ओरडली, "जिंकली वं मेघा! आता तर्रीपोहे खाऊ घाल मले."

पोहे खाऊन दोघी परतल्या, तर सर मला उजेडात धरून उभे.

"नुसत्या स्पिरिटची चकती काहून नाही लावली?"

मेघाचं तोंड उतरलं. दुसऱ्या बशीत लावून पाहिली, तर नुसत्या स्पिरिटचंही तेवढंच वर्तुळ! घाईत चकत्या ओल्याच ठेवल्या होत्या. जंतू मारले स्पिरिटनं आणि नाव झालं अडुळशाचं. मला इतकं वाईट वाटलं, वाटलं तडकावं इथंच.

पण पोरगी हटली नाही. मला वाफवून, धुऊन नवा थर ओतला आणि या खेपेला चकत्या खडखडीत वाळवल्या. नुसतं स्पिरिट, नुसतं अँटिबायोटिक, नुसता अडुळसा आणि शेवटी दोघं मिळून, अशा सगळ्या माझ्यातच मांडल्या. सकाळी पहिल्या तिघींना जंतू खेटलेले. जोडीच्या चकतीभोवती मात्र मोकळी जागा. लहानशीच, पण खरी. मेघा रडायलाच लागली. मलाही फार बरं वाटलं.

"विषय हाच राहू दे," सर म्हणाले. "पण औषध व्हायले अजून लई वेळ आहे."

"सर, ही बशी मी ठेवून घेऊ?"

"जिवंत जंतू आहेत त्यात. अन् वर्तुळ खरं असेल, तर दुसऱ्या बशीतही येईल ना?"

मेघानं माझा फोटो काढला. डोळे पुसले. "येईल सर," म्हणाली आणि स्वतःच्या हातानं मला जंतू मारायच्या मोठ्या कुकरात ठेवलं.

आता वाफ चढतेय. जाता जाता सांगते, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. त्यानंच हे मेले माजतात. माझ्यातलं सगळं आता वितळून जाईल. जाऊ द्या. बाहेर मेघा नव्या बशा मांडतेय. त्यांच्यात येऊ दे ते वर्तुळ.