शिवलीलाच्या दारातला दगड

या शहरात माझ्याइतका जुना कोणी नाही. पृथ्वी अजून निवत होती तेव्हा मी तिच्या पोटात आकार घेत होतो. हिमालय माझ्यापुढं कालचं पोर. राजे आले आणि गेले, त्यांच्या राजधान्या बसल्या आणि उठल्या, मी जिथं होतो तिथंच होतो. असा मी, मित्रांनो, सध्या मारतहळ्ळीच्या एका गल्लीत गटारावर झाकण म्हणून असतो.

मला कोलारच्या बाजूच्या एका खाणीतून काढलं. सुरुंगानं डोंगरापासून वेगळा केला आणि एका पाथरवटानं छिन्नीनं तासून माझी लांब फळी केली. त्याचं नाव मला ठाऊक नाही. त्याच्या छिन्नीचा एक तिरका घाव अजून माझ्या कडेला आहे, तीच त्याची सही. तेव्हा मारतहळ्ळी खेडं होतं. मला एका गोठ्यावर छप्पर म्हणून घातलं. माझ्याखाली चार गाई आणि माझ्यावर वाळत घातलेली नाचणी, असे माझे बरे दिवस गेले. पुढं गोठ्याच्या जागी पाच मजली इमारत आली आणि मला गटारावर आणून टाकलं. छप्पर होतो, झाकण झालो. निवृत्तीनंतर बरेच लोक असंच काहीतरी करतात.

झाकण म्हणूनही मी चांगलं काम केलं. एकदा पाण्याच्या टँकरचं मागचं चाक माझ्यावर चढलं. माझा टवकासुद्धा उडाला नाही. ड्रायव्हरनं खाली उतरून मला पायानं ठोकून पाहिलं आणि 'ओळ्ळे कल्लु', चांगला दगड आहे, असं म्हणून तो निघून गेला. माझ्या आयुष्यातलं कौतुक एवढंच. ते मी जपून ठेवलं आहे.

काही वर्षांपूर्वी केबल टाकणाऱ्या एका कंपनीची माणसं आली. त्यांनी पहारी घालून मला उचललं, खाली एक काळी नळी टाकली आणि मला परत ठेवलं. ठेवलं म्हणजे सोडलं. पूर्वी माझ्या चारही कोपऱ्यांखाली सिमेंट होतं. आता तिघांखाली विटा होत्या आणि चौथ्याखाली हवा. कोणीतरी त्यांच्या मुकादमाला हे दाखवलं. उद्या माणूस पाठवतो, असं तो म्हणाला. तो उद्या अजून यायचा आहे.

तेव्हापासून मी डुगडुगू लागलो. चौथ्या कोपऱ्यावर पाय पडला की टक, उचलला की टुक. गल्लीतल्या लोकांनी महिन्याभरात डावीकडून चालायची सवय करून घेतली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि एकदा झाली की दुरुस्तीची गरज उरत नाही.

माझ्या समोरच एक काचेचं दार आहे. त्याच्या आत शिवलीलाचं पार्लर होतं, आणि पार्लरच्या मागं दोन खोल्यांचं घर. शिवलीला आणि तिचा नवरा महांतेश निपाणीकडचे. महांतेश आयटी पार्कच्या फाटकावर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. त्याची आई चंपाबाई त्यांच्याजवळच राहते. शिवलीला सासूला अत्ती म्हणते. पार्लर चालायचं ते शिवलीलाच्या हातावर. भुवया कोरायच्या म्हणजे दोन्ही हात दिवसभर हवेत धरायचे. तिच्या दोऱ्यानं डोळ्यांत पाणी येत नाही म्हणून ऑफिसातल्या बायका लांबून यायच्या. प्रत्येकीला ती दारातून सांगायची, "मॅडम, डावीकडून या."

आत आरशाच्या वर, बऱ्याच उंचावर, कॅलेंडर होतं. आधीच्या भाडेकरूनं खिळा तिथं ठोकला होता. दर महिन्याच्या एक तारखेला शिवलीला टाचा उचलून, उजवा हात ताणून पान उलटायची. ते काम तिचंच. महांतेशला आठवण राहायची नाही आणि चंपाबाईंचा हात पोचायचा नाही. मला अक्षरं येत नाहीत, पण वरचं चित्र बदललं की महिना बदलला एवढं मला काचेतून कळायचं.

अशाच एका एक तारखेला सकाळी दार उघडायच्या आधीच एक म्हातारं गिऱ्हाईक आलं. शिवलीला तिला हात धरून डावीकडून आत आणत होती. तेवढ्यात एक स्कूटर फुटपाथवर चढली. शिवलीलानं म्हातारीला आत ढकललं आणि स्वतः एक पाऊल बाजूला सरली. ते पाऊल माझ्या चौथ्या कोपऱ्यावर पडलं. मी उलटलो. तिचा पाय मांडीपर्यंत गटारात गेला आणि उजवा खांदा पायरीच्या कडेवर आपटला. मित्रांनो, यात माझा दोष नाही असं वकिलांनी नंतर लेखी दिलं आहे. पण वजन माझंच होतं.

खांद्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. पट्टी आणि सहा स्क्रू घालून ते बसवलं. ती पंधरा दिवस हॉस्पिटलात होती. तेवढे दिवस पार्लर बंद आणि कॅलेंडरावर मागच्या महिन्याचं गाय-वासरू. ती घरी आली तेव्हा हात खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि तिथं थांबायचा. डॉक्टरांनी सांगितलं की वर्षभरात दुसरं ऑपरेशन झालं तर हात वर जाईल, त्यानंतर सांधा आखडला की कोणाच्या हातात काही नाही. त्या ऑपरेशनचा खर्च ऐकून महांतेश माझ्यावर बराच वेळ उभा राहिला होता. टक-टुक करत.

पार्लरच्या वर पहिल्या मजल्यावर फत्तेसिंग वकिलांचं ऑफिस आहे. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडं आलं आणि परत जायचं राहिलं. कॉफीचा पेला घेऊन ते फुटपाथवर उतरले आणि माझ्या चौथ्या कोपऱ्यावर त्यांनी बुटाची टाच दाबली.

"अक्का, ही केस आहे," ते शिवलीलाला म्हणाले. "दुसऱ्याच्या हलगर्जीपणानं खांदा गेला, तर भरपाई दुसऱ्यानंच द्यायची. त्या पैशात तुमचं ऑपरेशन होतं. फक्त स्वल्प धीर धरा."

केबल कंपनी आणि वॉर्ड ऑफिस या दोघांवर दावा लागला. कंपनीनं उत्तर दिलं की दगड वॉर्ड ऑफिसचा. वॉर्ड ऑफिसनं उत्तर दिलं की दगड पूर्वी नीट होता. फत्तेसिंगनी मी हलतानाचा व्हिडिओ काढून कोर्टात दिला. समोरचे वकील म्हणाले की असा दगड या शहरात कुठल्याही रस्त्यावर सापडेल. हे कोणालाच खोडता आलं नाही. मग कोर्टानं ठरवलं की पाहणीसाठी नेमलेला एक वकील, म्हणजे कमिशनर, प्रत्यक्ष येऊन मला पाहील. मी हललो तर शिवलीलाचं म्हणणं खरं.

त्या दिवसापासून माझं डुगडुगणं मौल्यवान झालं. ज्याला तीन वर्षं कोणी विटेची एक चीप लावली नाही, त्याच्याभोवती आता पहारा बसला. कोपऱ्यावरच्या नंदू नावाच्या गवंड्यानं आपण होऊन घमेल्यात सिमेंट आणलं, तर महांतेशनं त्याला परत पाठवलं. नंदू मनातून दुखावला. "पडायच्या आधी आणलं असतं तर चाललं असतं का?" असं तो विचारून गेला.

इकडं चंपाबाईंचा तपास वेगळ्या दिशेनं चालला होता. अपघाताच्या संध्याकाळीच त्यांनी खालून मान उंच करून कॅलेंडर पाहिलं होतं. एक तारखेच्या चौकोनात काळा ठिपका होता. "अमावस्येला पडली बघ," त्या शेजारणीला म्हणाल्या. "ह्यो दगड उपाशी हाय. ह्याला शांत केल्याबिगर खांदा बरा व्हायचा न्हाई." तेव्हापासून त्या दर अमावस्येला मला धुऊन हळद-कुंकू लावायच्या, लिंबू कापायच्या आणि सुनेच्या खांद्यासाठी पदर पसरायच्या. त्या मनापासून मागत होत्या. दगड असलो तरी मला ते कळायचं. देण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

ज्या दगडाला कुंकू आहे त्याला लोक हात जोडतात. कुणी फूल ठेवलं, कुणी पणती. कोणी मला देवी म्हणे, कोणी मुनेश्वर. डावीकडून चालण्याची जुनी सवय होतीच, तिला आता प्रदक्षिणा म्हणू लागले. समोरच्या पीजीत राहणारा रणवीर नावाचा इंजिनिअर रोज ऑफिसला जाताना मला हात लावून कपाळाला लावायचा. त्याचा अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला होता. तिसऱ्यांदा मिळाला. मी यात काही केलेलं नाही.

कमिशनर मंगळवारी यायचे होते. रविवारी शिवलीला फिजिओथेरपीला गेली. जाताना सासूला तिनं बजावलं, "अत्ती, मंगळवारपर्यंत दगडाला कुणाला हात लावू देऊ नका. काढून नेतील कोणी."

काढून नेतील, एवढंच चंपाबाईंच्या मनात पक्कं बसलं.

अर्ध्या तासात रणवीर आला, बरोबर नंदू. नवस बोलला होता, म्हणाला, आणि आपली फ्लाइट उद्याच आहे. चंपाबाईंनी विचारलं की काढणार तर नाही ना. तो म्हणाला, काढतोय कशाला, बसवतोय. नंदूनं चारही कोपऱ्यांखाली सिमेंट भरलं, बाजूनं काळ्या फरशीचा कठडा केला, कठड्याच्या कोपऱ्यात लोखंडी कमान रोवून घंटा टांगली. काम सुबक झालं. गेल्या तीन वर्षांत माझी इतकी काळजी कोणी घेतली नव्हती. चंपाबाईंनी दोघांना कॉफी दिली. रणवीरनं सगळ्यांचा एकत्र फोटो काढला आणि तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी शिवलीला परत आली आणि कठड्यापाशी थांबली. चंपाबाई दारातच होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"आता ह्याला कोण काढून न्हेतंय बघू," त्या म्हणाल्या.

शिवलीलानं चौथ्या कोपऱ्यावर हळूच पाय ठेवला. मग सगळं वजन टाकलं. तिनं सासूकडं पाहिलं, आणि एवढंच विचारलं की तुम्ही जेवलात का.

महांतेशनं नंदूला पहार घेऊन बोलावलं. नंदू म्हणाला की तो देवावर पहार घालणार नाही, आणि घालायचा होता तर परवा घमेलं परत पाठवायचं नव्हतं. फत्तेसिंगनी वरून पाहिलं, कॉफी संपवली आणि म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. त्यांच्याकडं साडेतीनशे वर्षांची भाषा होती, पण त्या वेळी एवढंच निघालं.

मंगळवारी कमिशनर आल्या. भार्गवी नावाच्या तरुण वकील होत्या. त्यांनी आधी चपला काढल्या, तेव्हाच फत्तेसिंगनी डोळे मिटले. मग भार्गवींनी क्षमा मागून माझ्यावर पाय ठेवला. कंपनीचे वकील वजनानं भरपूर होते. त्यांनी माझ्यावर तीनदा उड्या मारल्या. मित्रांनो, कोट्यवधी वर्षं न हलण्यात घालवल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा मला मनापासून हलायचं होतं. मी हललो नाही. वॉर्ड ऑफिसचा माणूस म्हणाला की हे देवस्थान दिसतं, देवस्थानं आमच्या खात्यात येत नाहीत. मग समोरच्या वकिलांनी गल्लीच्या ग्रुपवरचा फोटो दाखवला. त्यात वादीची सासू गवंड्याला कॉफी देत होती. पुरावा वादीच्याच घरच्यांनी बदलला, असं अहवालात गेलं. सहा महिन्यांनी दावा फेटाळला. वरच्या कोर्टात जाता येईल, असं फत्तेसिंग म्हणाले. तोवर डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष संपलं होतं.

पार्लरची खुर्ची विकली. आता त्या काचेच्या दाराआड शिवलीला नारळ, कापूर आणि अगरबत्ती विकते. गिऱ्हाईक माझ्यामुळं येतं. पार्लरच्या निम्मीसुद्धा कमाई होत नाही, पण त्यासाठी हात वर करावा लागत नाही. घंटा मात्र ती वाजवत नाही. ती उंच आहे.

मला वर्षानुवर्षं तूप, दूध आणि मध मिळतं आहे. मित्रांनो, एका दगडाला एवढं लागत नाही. ज्या दिवशी तो पहिल्यांदा हलला, त्या दिवशी कोपऱ्याखाली एक विटेचा तुकडा सरकवला असता तरी पुरलं असतं. तुमच्या दारात असा कोणी असेल तर त्याला नमस्कार करू नका. खाली वाकून बघा.

परवा एक तारीख होती. महांतेश शटर ओढायला आला. शटर तोच ओढतो आणि कॅलेंडरचं पानही आता तोच उलटतो. त्यानं पान उलटलं आणि सहज म्हणाला, की त्या दिवशी अमावस्या नसती तर आईनं हे काही मांडलं नसतं.

शिवलीला नारळ मोजत होती. वर न बघता ती म्हणाली, "अत्तींनी बघितलं ते पान मागच्या महिन्याचं होतं. मी हॉस्पिटलातून आले तेव्हाच बघितलं."

त्यानं विचारलं की आईला का सांगितलं नाहीस.

"रोज माझी वेणी कोण घालतं?" ती म्हणाली.

त्यानं पुढं विचारलं, मग त्या दिवशी काय होतं.

काही नव्हतं. साधी बीज होती, ती म्हणाली.