दुदाती टर्बोची जोडी

बेसा गावच्या चंपतरावांना एखादा माणूस पसंत पडणं म्हणजे कडुलिंबाला आंबे लागणं. शिकलेला दिसला की म्हणायचे, "वाचून वाचून डोये गेले, अक्कल काई आली नाई." अडाणी दिसला की म्हणायचे, "याचे तं डोयेबी फुकट गेले." मारुतीच्या देवळात गेले तरी मूर्तीची पोटरी निरखायचे आणि नाक मुरडून परत यायचे.

पसंत पडायचे फक्त बैल, तेही गवळाऊ जातीचे, पांढरेशुभ्र, मानेवर हात ठेवला तर कातडी थरारणारे. बैल पारखावा तर चंपतरावांनीच, हे त्यांचे वैरीही कबूल करत. बेशाला दर माघात शंकरपट भरायचा, त्याचे कायदेही चंपतरावांनीच केलेले. छकड्याला जुंपलेल्या जोड्या झेंडीपर्यंत अशा सुटायच्या की पापणी लवली तर धूळच दिसायची. त्या पटात चंपतरावांचे कवड्या आणि चांद्या धावले की बाकीच्यांनी आपले बैल मुकाट सोडून चारायला न्यावेत.

पण एकदा चंपतराव उमरेडच्या कोळशाच्या खाणीवर गेले. तिथं घराएवढा डंपर पोटभर कोळसा घेऊन, शीळ घालत, खड्ड्यातून वर चढताना त्यांनी पाहिला. ही शीळ कसली, तर ड्रायव्हर म्हणाला, टर्बोची. इंजिनातून निघणाऱ्या धुरानं एक चक्री फिरते, ती चक्री इंजिनाच्या नाकात हवा कोंबते, मग इंजिनाच्या अंगात वारं शिरतं. चंपतरावांच्या अंगात ते तिथल्या तिथंच शिरलं.

घरी येऊन त्यांनी कवड्या-चांद्याची जोडी आपल्या साळ्याला, बाबनरावाला विकली आणि धंतोलीच्या एका डॉक्टरची जुनी अँबॅसिडर आणली. दावं हातात देताना म्हणाले, "ने गा. पोथीपुराणातले जनावरं हायेत हे आता. तुह्यासारख्याले शोभतीन."

त्यांच्या बायकोनं, जिजाबाईनं, दोन्ही बैलांना पुरणपोळी चारली आणि काही दिवस नवऱ्याशी बोलणं बंद ठेवलं. चंपतरावांना ते बऱ्याच दिवसांनी कळलं.

पोळ्याला सगळं गाव बैल सजवून तोरणाखाली उभं राहिलं, तेव्हा चंपतरावांनी अँबॅसिडर आणून रांगेत लावली. बॉनेटवर बाशिंग, आरशांना गोंडे. बाबनराव हसला नाही. शांतपणे म्हणाला, "भाऊजी, गाडी पोळ्यात उभी केली, तं पटातबी करा. माघात कवड्या-चांद्यासंगं सोडू. जो हारंल त्यानं आपल्या मानेवर जू घ्यावं, अन रिकामा छकडा ओढत मारुतीपर्यंत न्यावा. गावासमोर."

"आत्तापासून मानेले तेल लाव," चंपतराव म्हणाले.

तोंड बोलून गेलं खरं. डॉक्टरची गाडी डॉक्टरासारखीच होती. हलायच्या आधी बराच विचार करायची. गावासमोर जू मानेवर घेण्यापेक्षा चंपतरावांनी विहीर जवळ केली असती. मग त्यांना ती शीळ आठवली.

उमरेड रोडला बापूजीचं भंगाराचं दुकान. खाणीतल्या मोडीत निघालेल्या यंत्रांची हाडं तिथं पडलेली असत. बापूजीनं कापडात गुंडाळलेला एक लहानसा टर्बो काढला. चक्री बोटानं फिरवली तर फिरतच राहिली.

"हे घ्या, पाटील. लहान ट्रकाचा हाय. सगळे पाते शाबूत."

चंपतरावांनी तो उलटापालटा केला. आत बोट घालून पाती चाचपली आणि टर्बो परत ठेवला. "सगळे दात जुळले याचे. बुढा बैल दाखवतं मले?"

"दात नाई पाटील, पाते हायेत."

"तुले काय कळते. बैलाचे आठ दात पुरे झाले म्हणजे तो उताराले लागला. दुदाती दाखव, दोन दातांचा जवान."

आता देवानं स्वतः तोंडात चमचा घातल्यावर बापूजीनं का नको म्हणावं? त्यानं मागच्या ढिगातून दोन धुडं ओढून आणली. डंपरची होती. एकेक टर्बो लहान रांजणाएवढा. चक्रीची पाती झिजून, तुटून गेलेली, जेमतेम दोन धड. चंपतरावांचे डोळे चमकले. त्यांनी धुडावर थाप मारली, कान लावला, मागं सरून बांधा पाहिला. बैलाच्या केसांत पाहतात तसा भोवरा कुठं वाईट जागी नाही ना, तेही पाहिलं. दोन्हींचा रंग एक, उंची एक, आणि दोन्ही दुदाती.

"एक पुरे झालं," सोबत आलेली जिजाबाई म्हणाली. "गाडी लहान हाय."

"हे पाय वं, एका अंगाले बैल अन दुसऱ्या अंगाले काई नाई, असा छकडा पायला काय कधी? गाडी एकीकडं ओढंल. जोडी पायजे. अन जोडी जुळीव पायजे." एवढं बोलून त्यांनी बापूजीचा हात रुमालाखाली घेतला आणि बैलबाजारात करतात तसा बोटं दाबून सौदा केला. बापूजी जन्मात कधी रुमालाखाली गेला नव्हता. त्यानं जे बोट हाताला लागलं ते दाबलं आणि रात्रभर हसला.

गाडीचं काम शहरातल्या महाल वस्तीत जागेश्वरकडे दिलं. जागेश्वर विणकराच्या घरचा. बापाचा माग मोडला तेव्हा त्यानं त्याच खोलीत मोटारीचं दुकान टाकलं. टर्बो त्यानं कधी पाहिला नव्हता, पण तेवढ्यासाठी काम सोडील तो जागेश्वर कसला.

"क्लच नवा टाकू काय, पाटील? ब्रेक बी पायले पायजे."

"ब्रेक कायले? पटात कोनी बैल थांबवाले जाते काय? येड्यासारखं बोलू नको."

पाइप निवडताना चंपतरावांनी रबरी नळ्या वास घेऊन नाकारल्या. शेवटी उसाच्या रसाच्या गाड्यावरचे दोन पत्र्याची नळकांडी पसंत पडली, कारण ती सरळ होती आणि चंपतरावांना वाकडं काही खपत नसे. सांधे जागेश्वरनं सुतानं बांधले. वर नळाला फासतात तो सफेदा, खाली सफेदा आणि मधे विणकराची गाठ. "पाटील, धागा तुटंल पन गाठ सुटनार नाई," तो म्हणाला. साऱ्या गाडीत तेवढंच खरं होतं.

कार्तिकात गल्लीत गाडी चालू केली. चंपतरावांनी ॲक्सिलेटर तळाशी दाबला. काही झालं नाही. पान लावलं, खाल्लं, थुंकलं, तरी काही नाही. जागेश्वर डोकं खाजवायला लागला, आणि तेवढ्यात दोन्ही चक्र्या जाग्या झाल्या. अशी शीळ उठली की महालातली सगळी कबुतरं उडून थेट सक्करदऱ्याला बसली. इंजिनाच्या नाकावर जाळी नव्हती. समोर राहणाऱ्या शोभाताईंचं नऊवारी लुगडं वाळत होतं, ते दोरीवरून सुटलं आणि पदरापासून आत गेलं. मागच्या नळीतून निघालं ते सूत होऊन. जागेश्वरच्या आईनं, चंद्रकलाबाईनं, ते वाया कशाला जाऊ द्यावं म्हणून तिथंच मागाच्या कांडीवर गुंडाळून घेतलं. काठाचा लाल वेगळा, अंगाचा हिरवा वेगळा.

"जोर भलता हाय," जागेश्वर म्हणाला. "पन पाटील, लय उशिरा जागते."

चंपतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कांडीएवढा झाला. "मोठा माणूस उशिराच जागते, लेका. सकाळी लवकर उठते तो हमाल." हे वाक्य त्यांना स्वतःला एवढं आवडलं की त्यांनी ते घरी, पारावर आणि बाबनरावाच्या दारावरूनही ऐकवलं.

माघ उजाडला. पटाचं मैदान माणसांनी फुललं. एका बाजूला बाबनरावाचा छकडा, कवड्या आणि चांद्या जुंपलेले. दुसरीकडे अँबॅसिडर, बॉनेटचं झाकण काढून टाकलेलं, कारण दोन रांजण आत मावत नव्हते. कवड्यानं मान वळवून जुन्या मालकाला ओळखलं. चंपतरावांनी काच वर केली.

झेंडी पडली. बाबनरावानं जिभेनं च्यक केलं. कवड्या-चांद्या निघाले, आणि निघाले म्हणेस्तोवर पोचलेसुद्धा. पलीकडच्या झेंडीपाशी बाबनराव खाली उतरला, त्यानं बैलांची कपाळं पुसली, त्यांना पाणी दाखवलं.

इकडे अँबॅसिडर बैलांच्या धुळीत खोकत होती. चंपतराव तळव्यानं ॲक्सिलेटर दाबत होते आणि दातांनी ओठ. गाडी हलली, पण कशी, तर नव्या नवरीसारखी. पोरंटोरं चालत तिच्या पुढं गेली. एका म्हाताऱ्यानं काठी टेकत सोबत केली आणि वाटेत पीकपाण्याचं विचारलं. अशी ती कशीबशी झेंडीपर्यंत आली.

आणि झेंडी ओलांडल्यावर टर्बो जागे झाले.

शीळ ऐकून बुटीबोरीच्या स्टेशनमास्तरनं गाडी आली समजून सिग्नल पाडला म्हणतात. अँबॅसिडरनं चिवड्याचं दुकान नाकानं ओढून घेतलं आणि मागून भाजलेले पोहे उडवले. तुरीच्या शेतातून ती गेली तर तूर कापायचं कामच उरलं नाही. ब्रेक जुनाच होता. त्यानं एकदा हात जोडले आणि सोडून दिलं. शेवटी गावातल्या महादेवरावांच्या खळ्यात कुटाराचा, म्हणजे मळणीच्या भुश्याचा, डोंगर होता, त्यात ती पुरती शिरली आणि इंजिन फुटून गप्प झालं. जागेश्वरची गाठ मात्र एकही सुटली नाही.

गाव धावत आलं. कुटारातून आधी टोपी निघाली, मग चंपतराव. कवड्या आणि चांद्याही मागोमाग आले आणि टपावरचं कुटार निवांत खाऊ लागले.

"मी जिंकलो," चंपतराव म्हणाले. "बैल थांबले. मी थांबलो काय?"

"पट झेंडीपाशी संपते, भाऊजी. कायदा तुमीच केला." बाबनरावानं जू आणून समोर ठेवलं.

चंपतरावांनी जू निरखून पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यात पुन्हा जुनी चमक आली. "आन. पन जू असते जोडीचं. एकल्याच्या मानेवर टाकलं तं छकडा आडवा होईल. माह्यासंगं कोनाले जुंपतं? जोडी जुळीव पायजे, हा बी कायदाच हाय." त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. "हा जागेश्वर? याच्या बरगड्या मोजून घ्या. सरपंच? पोटच जमिनीले टेकते. तू? तुह्या खांद्यात दम असता तं माह्याच गोठ्यातले बैल घेतले असते काय? माह्या जोडीचं कोनी असंल या गावात, तं दाखवा."

चंपतरावांनी अंगावरचं कुटार झटकलं आणि सुटलो म्हणून श्वास सोडला.

गर्दीतून जिजाबाई पुढं आली. पदर खोचला, वाकली आणि जुवाचं एक टोक उचलून आपल्या मानेवर घेतलं.

"उठा," ती म्हणाली. "लग्नापासून कोनासंगं ओढून राहिली मी?"

सवयीनं चंपतरावांनी तिला पारखलं. उंची पाहिली, खांदा पाहिला, पावलाची ठेवण पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच नीट पाहिलं म्हणा ना. खोड काढायला तोंड उघडलं, पण काही सापडेना.

"जोडी जुळीव हाय, भाऊजी," बाबनराव म्हणाला.

चंपतराव उठले आणि जुवाखाली मान घातली. छकडा निघाला. गाव मागून चालू लागलं, कवड्या-चांद्यासुद्धा. जिजाबाईचं पाऊल झपाझप पडत होतं आणि चंपतराव दर पावलाला मागं सरत होते, त्यामुळे जू तिरपं झालं.

मागून बाबनराव म्हणाला, "बाई, डाव्या अंगाचा मागं राहून राहिला वं. हाणू काय?"

"राहू दे," जिजाबाई म्हणाली. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मोठा हाय तो. उशिरा जागते."